नुसते ‘सॅच्युरेशन’ सांगून भागत नाही

संपादक महोदय,

हृदयातून निघणाऱ्या महाधमनीचा आतला पदर हृदयाजवळच्या भागात फाटला की तातडीने छाती उघडून तो भाग बदलावा लागतो. शस्त्रक्रिया पार पडते, रक्तदाब स्थिरावतो आणि दुसऱ्या दिवशी नातेवाईक विचारतात, ‘सॅच्युरेशन 97 आहे, मग व्हेंटिलेटर का काढत नाही?’ बिल फुगवायला ठेवलंय, असा संशयही येतो.

सॅच्युरेशन म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची बोटावरच्या यंत्राने मोजलेली टक्केवारी. हे 97 किती ऑक्सिजन देऊन आले, ते विचारा. साध्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो. 60 टक्के देऊनही धमनीतल्या रक्तात त्याचा दाब 90 च (मिमी पारा) भरत असेल, तर 90 भागिले 0.6 म्हणजे 150. निरोगी माणसात हा आकडा 400 च्या वर असतो; 300 च्या खाली आला की फुप्फुस अडचणीत. 150 वर व्हेंटिलेटरची श्वासनळीतली नळी काढण्याची घाई अंगाशी येऊ शकते. बोटावरचे यंत्र मात्र तेव्हाही 96-97 दाखवत असते.

शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुसांचे काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर असताना फुप्फुसे तासन्‌तास मिटून पडलेली असतात. महाधमनीच्या कमानीचे काम असेल तर शरीर थंड करून रक्ताभिसरणही काही काळ थांबवतात. मशीनच्या नळ्यांमधून रक्त फिरले की अंगभर दाह उसळतो आणि फुप्फुसातल्या केशवाहिन्या पाझरू लागतात. त्यात रक्ताच्या, प्लाझ्माच्या पिशव्यांची भर. पिशवी चढवल्यापासून 6 तासांत ऑक्सिजन अचानक ढासळला, तर तो त्या पिशवीचाच परिणाम असू शकतो; रक्तपेढीला कळवलेच पाहिजे. धावपळीत नेमके हेच राहून जाते.

व्हेंटिलेटरचा श्वास वजनकाट्यावरून नव्हे, उंचीवरून ठरवायचा. 165 सेंटिमीटरच्या पुरुषाचे हिशेबाचे वजन साडेएकसष्ट किलो; किलोमागे 6 मिली धरून श्वास सुमारे 370 मिलीचा. माणूस प्रत्यक्षात 95 किलोचा आहे म्हणून 570 मिली भरले, तर आधीच सुजलेले फुप्फुस ताणून आणखी बिघडते. लठ्ठ रुग्णांत ऑक्सिजन कमी पडण्याची गुंतागुंत मुळातच जास्त, आणि चुकायची शक्यताही त्यांच्याच बाबतीत.

नळी निघाल्यावरचे काम रुग्णाचे. तीन गोळ्यांच्या स्पायरोमीटरमध्ये (श्वासाच्या व्यायामाचे साधन) बरेच जण फुंकर मारतात. त्याने मिटलेले फुप्फुस उघडत नाही. श्वास सावकाश आत ओढायचा, गोळी दोन-तीन सेकंद वर धरायची. जागेपणी दर तासाला दहा वेळा. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची, आणि त्याआधी वेदनाशामक मागून घ्यायला संकोच नको. दुखते म्हणून न खोकणाऱ्याच्या छातीत कफ साठतो.

रुग्णालयांनी नातेवाइकांना रोज सॅच्युरेशनसोबत ऑक्सिजनची टक्केवारीही लिहून द्यावी. एका ओळीचे काम आहे.

– हृदयशस्त्रक्रिया अतिदक्षता विभागात काम करणारे काही डॉक्टर