बदामीच्या तळ्याकाठी भेटलेल्या गुरुजींना

आदरणीय गुरुजी,

स. न. वि. वि.

‘नाव कुठे लिहू नका,’ असे आपण निरोप घेताना बजावले होते, म्हणून हे जाहीर पत्र आपल्या नावाविनाच लिहीत आहे. बदामीतील ज्यांनी आपल्या हाताखाली शाळेत मार खाल्ला आहे, ते आपल्याला ओळखतीलच.

बनशंकरी आमची कुलदेवता. यात्रेची गर्दी ओसरल्यावर, माघात, मी आईला ओटी भरण्यासाठी घेऊन आलो आणि तेथून जवळच असलेल्या बदामीला आलो. दक्षिणेकडच्या डोंगरातील लेण्यांच्या पायऱ्या पाहताच आईचे गुडघे नाही म्हणाले. ‘तू बघून ये, मी गाडीत बसते,’ असे ती म्हणाली तेव्हा शेजारच्या पारावरून आपण उठलात आणि आमच्यासारख्या अनोळखी माणसांना सांगितलेत की मी निर्धास्त वर जावे, आईंना आपण तळे दाखवाल. पहिल्या लेण्यातील अठरा हातांच्या नटराजाचे हात दोन-दोन जोडून पाहा आणि तिसऱ्या लेण्यातील चालुक्य राजघराण्यातल्या मंगलेशाचा शके ५००चा, म्हणजे इ. स. ५७८चा, कार्तिकी पौर्णिमेचा लेख चुकवू नका, ही आपली सूचना नसती, तर मी छायाचित्रे काढून तासाभरात उतरलो असतो.

खाली आलो तेव्हा आपण दोघे अगस्त्यतीर्थाच्या काठाने, धुणी धुणाऱ्या बायकांना ओलांडून, सपाट वाटेने भूतनाथाच्या देवळापर्यंत पोहोचला होतात. दोन्ही बाजूंना तांबडे कडे, मध्ये हिरवट पाणी आणि पुढे देऊळ, हे आईने एकही चढ न चढता पाहिले. वातापीला पोटात जिरवणाऱ्या अगस्तींची गोष्ट तिला ठाऊक होती. परंतु ज्या वातापी नगरीवर ६४२च्या सुमारास पल्लव नरसिंहवर्म्याने ताबा मिळवला ती हीच, हे तिला आपल्याकडून कळले. ऐहोळेच्या शिलालेखातील प्रशस्तीत इथल्या चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीला नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी म्हटले आहे, हे सांगून ‘म्हणजे तुम्ही आमच्याच राज्यातले,’ असे आपण हसत म्हणालात. त्यावर १७८६मध्ये मराठे आणि निजाम यांच्या फौजांनी टिपूकडून हाच किल्ला घेतल्याची आठवण मी करून दिली, हा माझा आगाऊपणा आपण पोटात घातलात.

आईच्या मनात मात्र राहिली ती कप्पे अरभट्ट या वीराच्या स्तुतीची त्रिपदी, म्हणजे तीन चरणांचे कन्नड पद्य. तळ्याच्या ईशान्येकडील कड्यावर सुमारे तेराशे वर्षांपूर्वी कोरलेल्या त्या जुन्या कन्नड ओळी आपण लेखाकडे न पाहता, चालीवर म्हटल्यात. कन्नडचा गंध नसलेली माझी आई ‘ही तर जात्यावरची ओवी’ म्हणाली आणि आपल्याला तिच्या आजीची एक ओवी म्हणून दाखवली. ती ओवी तिच्या मुलाने, म्हणजे मी, त्या दिवसापर्यंत कधी ऐकली नव्हती. नंतर आपल्या डब्यातील कडक ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी तिघांनी वाटून खाल्ली. मी पाकिटाला हात घालताच आपण ज्या नजरेने पाहिलेत, ती शाळेतच पाहिलेली नजर होती.

त्या दुपारबद्दल आम्ही दोघे आपले मनापासून आभारी आहोत. एक विनंती आहे. आई रोज संध्याकाळी ‘साधुगे साधु, माधुर्यंगे माधुर्यं’ एवढे म्हणते आणि पुढे अडते. पुढच्या ओळी मी कुठूनही मिळवू शकतो, पण तिला त्या आपल्या हस्ताक्षरात, देवनागरीत हव्या आहेत. सवडीने पाठवाव्यात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बनशंकरीचा एक भक्त