तीनशे चौसष्ट दिवस

घोरपडी, पुणे
१० जानेवारी

चि. छोट्यास अप्पांचे अनेक आशीर्वाद.

कागदावर लिहितोय, कारण फोनवर तू मला दोन वाक्यांत उरकतोस आणि "आईकडे द्या" म्हणतोस. लिहून झालं की ताईचा पोरगा फोटो काढून पाठवेल. अक्षर लावून, सावकाश वाच.

तिकडे जपानमध्ये तू घोड्यावरून पडलास त्याला आज बावीस दिवस झाले. आम्हाला कळलं सोळाव्या दिवशी, तेही तुझ्या तोंडून नाही. तुझ्याबरोबरच्या राजस्थानी पोराने जेवणाचा फोटो टाकला, त्यात एका कोपऱ्यात तुझा हात झोळीत दिसला. आईने फोन ताईच्या हातून ओढून घेतला. तेव्हापासून ती शनिवारही धरते आहे. मी रागावणार नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय. छपरावरचा बर्फ घसरला, दीड वर्षाचं शिंगरू बुजलं, तू डाव्या अंगावर आलास, कॉलर बोन मोडलं. यात तुझी चूक नाही. डोक्यावरून असा बर्फ कोसळला की शिंगरू बुजणारच. माझं दुखणं पडण्याचं नाहीच. माझं दुखणं हे की तू परवा म्हणालास, "अप्पा, पुढच्या सोमवारपासून बसतोय."

सोमवारी म्हणजे एकोणतीस-तीस दिवस होतात. डॉक्टर काय म्हणाले? तू म्हणालास, "ते नेहमी जास्तच सांगतात." जास्त म्हणजे किती आठवडे ते तू सांगितलं नाहीस. मी दोनदा विचारलं.

आणि मग तू मला तो व्हिडिओ पाठवलास. टोकाई तेइओ, जपानचा शर्यतीचा घोडा. "अप्पा, याचं तीनदा हाड मोडलं, तरी जिंकला." छोट्या, मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही. ताईच्या पोराला बसवून त्या घोड्याची सगळी कुंडली वाचून घेतली. जन्मभर घोड्यांतच राहिलो, पण असा घोडा पाहिला नाही, हे आधीच कबूल करतो. शर्यतीआधी पॅडॉकमध्ये, म्हणजे घोडे फिरवून दाखवतात त्या अंगणात, चालतो तेव्हा खुराच्या वरचा सांधा इतका लवतो की जमिनीखाली स्प्रिंग आहे असं वाटावं. अशा चालीचा घोडा दिसला की आमचे जुने मोतद्दार हातातला खरारा थांबवून बघत राहायचे. मला वाटतं, त्याचा वेग त्या लवण्यातच होता आणि हाडांवरचा ताणही तिथूनच येत असणार. पुस्तकात असं आहे की नाही कोण जाणे, पण घोड्यांचे पाय धुतलेल्या माणसाचं हे मत आहे.

जन्म १९८८ चा, निइकाप्पूचा. म्हणजे तुमच्या उराकावाहून समुद्राच्या कडेने वर गेलं की लागतं तेच ना? तू म्हणालास, तुमच्या गाडीतून तिथली कुरणं दिसतात. हे वाचलं आणि मला भरून आलं. माझा बाप तबेल्यात शेण उचलायचा, मी खरारा केला, आणि माझा पोरगा जपानच्या डर्बीचे घोडे जिथे जन्मतात तिथे सकाळी सहाला खोगीर कसतो. वाडीत मी हे सगळ्यांना सांगतो. काकीला तर दोनदा सांगितलं.

तर तेइओ. बाप सिंबोली रुडॉल्फ, १९८४ साली एकही शर्यत न हरता तिहेरी मुकुट, म्हणजे सात्सुकी शो, डर्बी आणि किकुका शो या तिन्ही शर्यती, जिंकलेला जपानचा पहिला घोडा. पोरगा बापाच्याच वाटेने निघाला. १९९१ च्या एप्रिलमध्ये सात्सुकी शो, मे महिन्यात डर्बी. दोन्ही वेळा गेट सगळ्यात बाहेरचं, अठरावं आणि विसावं. म्हणजे सगळ्यांपेक्षा लांबचा रस्ता धावून जिंकला. डर्बी तर तीन लेंग्थने, म्हणजे तीन घोड्यांच्या लांबीने. तोवर सहा शर्यतींपैकी सहा जिंकलेल्या. आणि मग कळलं की डाव्या मागच्या पायाचं हाड गेलंय. तिसरा मुकुट, किकुका शो, पागेत उभं राहूनच गेला.

इथे थोडा थांब. डर्बी जिंकून देणारा जॉकी यासुदा. घोडा परत आला तेव्हा खोगिरावर ओकाबे होता, बापाला, रुडॉल्फला चालवलेला तोच ओकाबे. घोडा बरा होईपर्यंत कुणाची तरी जागा जाते, हे मला ठाऊक आहे. तुला तीच भीती आहे ना? तू नसताना तुझी शिंगरं दुसऱ्याच्या हाताला सवकतील. सांगत नाहीस, पण मला कळतं. मीही बसायचो. सकाळचा गॅलप मी द्यायचो आणि दुपारी शर्यतीत बसायचा दुसरा. तरी ती घोडी मला माझी वाटायची.

परत आल्यावर ओसाका हाय जिंकला, १९९२ च्या एप्रिलमध्ये. तीन आठवड्यांत तेन्नो शो, ३२०० मीटर, समोर मेजिरो मॅक्क्वीन हा घोडा. पाचवा आला. नंतर कळलं, उजवा पुढचा पाय. शरदातल्या तेन्नो शोमध्ये सातवा. लोक म्हणू लागले की संपला. आणि नोव्हेंबरात जपान कप, परदेशचे नावाजलेले घोडे आलेले, ऑस्ट्रेलियाचा नॅचरलिझम शेवटपर्यंत मानेला मान लावून. जिंकला. १९८५ ला बापाने जिंकलेला कप सात वर्षांनी पोराने जिंकला, मध्ये एकाही जपानी घोड्याला जमलं नव्हतं. हे वाचताना ताईचा पोरगा पलंगावर उभा राहून ओरडला.

त्याच डिसेंबरात अरिमा किनेन या वर्षअखेरच्या मोठ्या शर्यतीत अकरावा. १९९३ च्या जूनमध्ये पुन्हा हाड, आता डावा पुढचा पाय. आणि मग २६ डिसेंबर १९९३, पुन्हा अरिमा किनेन, नाकायामा, २५०० मीटर, चौदा घोडे. मागच्या शर्यतीनंतर ३६४ दिवसांनी. त्या वर्षीचा डर्बी जिंकलेला विनिंग टिकेट त्यात, जपान कप जिंकलेला लेगसी वर्ल्ड त्यात. स्ट्रेटमध्ये बिवा हायाहिदे निघून जातो, त्याच्यावर ओकाबे. आता ओकाबे दुसऱ्या बाजूला! आणि बाहेरून आपला तेइओ, वर ताबारा. अर्धी लेंग्थ. ताबारा नंतर रडला. मोठा जॉकी, सगळ्यांसमोर रडला. मीही रडलो, हे आईला सांगू नकोस.

पण छोट्या, तू मला व्हिडिओ इथवरचाच पाठवलास. त्याच्या पुढचं पाठवलं नाहीस.

पुढे १९९४ मध्ये पुन्हा हाड गेलं. त्या डिसेंबरनंतर तो घोडा शर्यतीत उतरलाच नाही. बारा शर्यती, नऊ विजय, आणि चार वेळा मोडलेली हाडं. तू तीन म्हणालास. चार. त्याच्या बापाचंही तेच. रुडॉल्फ १९८६ ला अमेरिकेत सांता अनिताला धावला, सहावा आला, पाय दुखावून घेऊन आला, आणि तिथेच धावणं संपलं. बाप लेकाला पाय देतो, तसा पायाचा भोगही देतो का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणि दुसरं. ३६४ दिवस. तू म्हणतोस "मोडला तरी जिंकला." मला त्या "तरी"मध्ये ३६४ दिवस दिसतात. घोड्याला खाटेवर निजवता येत नाही. एक पाय उचलला की भार बाकीच्या तिघांवर, आणि चांगले खूरही त्या भाराने बिघडतात. म्हणून कुणीतरी रोज सकाळी त्या पायावर हात फिरवून पाहिलं असणार, कालच्यापेक्षा गरम आहे का, सुजलाय का. कुणीतरी पाच मिनिटं चालवलं असणार, मग दहा. चंदी कमी केली असणार, नाहीतर उभ्या घोड्याच्या अंगात मस्ती भरते आणि तो पागेतच लाथा झाडतो. तो जिंकून परत येताना मी पडद्यावर मोतद्दारालाच शोधत होतो. घोडा बोलत नाही, शिकार होणारं जनावर दुखणं लपवतं, म्हणून त्याच्यासाठी दुसऱ्या कुणाला तरी थांबावं लागतं. तुझ्याकडे तोंड आहे. तू सोळा दिवस लपवलंस.

झालं, रागावलो. रागावणार नाही म्हणालो होतो. माफ कर. तू तिथे एकटा आहेस, उणे दहात एका हाताने स्वेटर चढवतोस, आणि मी इथे गादीवर बसून भाषण देतोय.

लहानपणी तू मला ते कोडं घालायचास. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? आणि मी मुद्दाम चुकायचो, म्हणजे तू उड्या मारत "न फिरवल्यामुळे!" ओरडायचास. परवा फोनवर तू तेच सांगितलंस, हात हलवला नाही तर अडेल. हात हलव की. डॉक्टर सांगतील तेवढा हलव, रोज हलव. पण हात हलवणं वेगळं आणि साडेचारशे किलोचं जनावर ओढायला लागल्यावर लगाम धरणं वेगळं.

आता एक गोष्ट लिहितो, जी तुला नाही, ताईला नाही, फक्त आईला ठाऊक आहे. माझा पाय. १९९३ च्याच ऑगस्टमध्ये मी पडलो, पावसाळी ट्रॅक होता. नडगी मोडली. तुम्हाला मी आयुष्यभर सांगत आलो की डॉक्टरने हाड नीट बसवलं नाही. ते खोटं आहे. डॉक्टरने चांगलं बसवलं होतं आणि सहा आठवडे प्लास्टर ठेव म्हणाला होता. ताई पाळण्यात होती, सीझन ऑक्टोबरात संपणार, त्यानंतर सकाळच्या गॅलपचे पैसे कुठून येणार? चौथ्या आठवड्यात मी स्वतः करवतीच्या पात्याने प्लास्टर कापलं आणि पाचव्या दिवशी घोडीवर बसलो. रिकिबीत पाय टाकून उठलो तेव्हाच आत काहीतरी सरकलं. कळलं होतं मला. तरी पूर्ण राउंड मारला. त्यानंतर पुन्हा बसलो नाही. अर्धा इंच पाय आखूड आहे, तो त्या राउंडचा आहे. डॉक्टरला मी तीस वर्षं शिव्या घातल्या, त्याचं मला आता वाईट वाटतं.

डिसेंबरात तिकडे तेइओ जिंकत होता तेव्हा मी लंगडत दुसऱ्यांचे घोडे धुवायला लागलो होतो. ते काम वाईट नव्हतं. त्याच कामावर तुम्ही दोघं शिकलात. पण बसण्यासारखं ते नव्हतं. पहाटे धुक्यात घोड्याचा श्वास आणि आपला श्वास एका तालात येतो, ते तुला मिळालंय, आणि ते तुझ्याकडून अठ्ठाविसाव्या वर्षी जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे. एवढंच म्हणायला चार पानं लागली.

हप्त्याचा विचार करू नकोस. तू करतोयस हे मला ठाऊक आहे, कारण पडल्यावर तिसऱ्याच दिवशी तू पूर्ण पैसे पाठवलेस. वरच्या खोलीचा स्लॅब या वर्षी पडला नाही तर पत्रा आहेच. तीन महिने मी इथल्या तबेल्यात रात्रीची राखण घेतली आहे. बोलणं झालंय, तेव्हा नको म्हणू नकोस. माझा पाय राखणीला पुरतो.

आणि तुमच्या वरच्या माणसाला स्वतः सांग की मला अजून वेळ लागेल. भाषेची अडचण असेल तर तिथे जुने आपले लोक आहेत, शेकड्यांनी आहेत, त्यांतल्या एखाद्याला बरोबर ने. तोवर खालची कामं माग. उजव्या हाताने खरारा होतो. शिंगरांना हात लावत राहिलास तर ती तुला विसरणार नाहीत.

सोमवारी तुझी सुट्टी असो वा नसो, आपल्या सकाळी आठला मी ताईकडे फोन धरून बसेन. व्हिडिओ लाव. बोलला नाहीस तरी चालेल. फोन समोर टेकवून ठेव आणि डावा हात कानाला लावून वर ने, सरळ, कोपर न वाकवता, जितका जातो तितका. चेहरा पडद्यातून बाहेर काढू नकोस. मला हात बघायचा नाही, हात वर जाताना तुझा चेहरा बघायचा आहे.

तुझा
अप्पा

ता. क. आईने डिंकाचे लाडू पाठवलेत, ताईच्या दिरासोबत टोक्योपर्यंत येतील, पुढे पोस्टाने. त्या राजस्थानी पोरालाही दे. त्याच्या फोटोमुळे आम्हाला कळलं, त्याच्याशी भांडू नकोस.