बाई डॉक्टर सगळ्यांना हवी, पण तिच्या बाळाचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

मी जुन्या नाशकात प्रॅक्टिस करणारी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, मुस्लिम आहे, स्कार्फ घेते आणि एका लहान मुलाची आई आहे. लोक विचारतात मॅडम हे सगळं तुम्हाला जमतं कसं, आणि विचारताना नजर स्कार्फकडे असते. म्हणून लिहितेय, कारण अडचण स्कार्फची नाहीच आहे.

स्कार्फचं आधी सांगून टाकते. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, डोकं सगळ्यांनाच झाकावं लागतं, कान आणि मान झाकणारा हूड मिळतो, तो घातला की झालं. हात कोपरापर्यंत धुवावेच लागतात, त्यात सूट नाही आणि मला नकोही आहे, पण धुतल्यावर जो स्टराइल गाऊन घालतो त्याच्या बाह्या मनगटापर्यंतच असतात. राहिला प्रश्न हात धुण्याआधी उघड्या राहणाऱ्या हातांचा, त्यासाठी पूर्ण बाह्यांचं जॅकेट सिंकपाशी काढून ठेवता येतं. 2023 मध्ये तिरुवनंतपुरमच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या 7 मुलींनी प्रिन्सिपलना पत्र देऊन जॅकेट आणि हूडच मागितले होते तर केवढा गदारोळ झाला.

खरी अडचण वेगळीच आहे. बाळ लहान असताना मी एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये कॉन्ट्रॅक्टवर होते, सुट्टी लवकर संपली. वॉर्डात दिवसभर बाळंतिणींना सांगायचं की सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, आणि स्वतःचं दूध काढायला जागा म्हणजे लेबर रूमशेजारची स्टोअर रूम, तिला कडी नाही, म्हणून दाराला आतून ऑक्सिजनचा रिकामा सिलेंडर लावायचा आणि बाहेर आयाबाई उभ्या. लसींच्या फ्रिजमध्ये दुसरं काही ठेवत नाहीत, ते बरोबरच आहे, मग दूध आइसपॅक टाकलेल्या डब्यात. ज्या ठिकाणी माझ्या स्कार्फवर मीटिंग झाली तिथे आतून कडी लागणारी एक खोली कोणाला देता आली नाही. पडदा पडदा म्हणतात ना, माझा पडदा तिथे गेला, ओटीत नाही!

कायदा आहे हो. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळांना 26 आठवडे पगारी सुट्टी, 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर, आणि आईला दिवसातून 4 वेळा तिथे जायची मुभा. पण बाळंतपण काय ऑफिसच्या वेळेत होतं का? रात्री दोन वाजता पेठ-सुरगाण्याहून रेफर होऊन बाई येते, तेव्हा कुठलं पाळणाघर उघडं असतं ते मला दाखवा.

आता आमच्या लोकांशी बोलते, आणि जरा रागानेच बोलते. बायकोच्या डिलिव्हरीला लेडी डॉक्टरच पाहिजे म्हणून भद्रकालीपासून वडाळ्यापर्यंत सगळे हट्ट धरतात, तो हट्ट मला मान्य आहे, दिंडोरीहून नऊवारीतल्या आजी येतात त्यासुद्धा म्हणतात आमच्या सुनेला बाईमाणसानंच बघावं. पण तेच लोक घरात सुनेला म्हणतात नाइट ड्यूटी नको, क्लिनिक टाक, संध्याकाळी दोन तास बस. मग रात्रीच्या डिलिव्हरीला लेडी डॉक्टर आणायची कुठून? जुन्या काळातले मोठे इस्लामी विद्वान इमाम गजालींनी वैद्यकीला फर्ज-ए-किफाया म्हटलंय, म्हणजे सगळ्या समाजावरचं कर्तव्य, काहींनी केलं तर सगळे सुटले आणि कोणीच नाही केलं तर सगळे गुन्हेगार. हे खरं मानत असाल तर त्या डॉक्टरणीचं बाळ रात्री सांभाळणं हेसुद्धा त्याच फर्जात आलं की नाही? माझ्या सासूबाईंना यातलं काही समजावून सांगावं लागलं नाही, त्या म्हणाल्या तू जा, मी आहे ना. रमजानमध्ये सहेरीच्या, म्हणजे रोजाआधीच्या पहाटेच्या जेवणाच्या, वेळेला मी लेबर रूममध्ये असले तर मुलाला मांडीवर घेऊन त्या सगळ्यांचं ताट वाढतात. पण प्रत्येकीच्या नशिबात अशी सासू नसते आणि सासूच्या जिवावर आरोग्यव्यवस्था चालवायची हेही बरोबर नाही, त्यांचंही वय झालंय.

माझ्या बरोबरीच्या हुशार मुली, मालेगावच्या, इथल्या कथड्याच्या, नीटला भरपूर मार्क मिळवून आलेल्या, पीजीनंतर घरी बसल्यात. हिंदू मैत्रिणींचंही तसंच झालंय, तिथे तर स्कार्फ नव्हता.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात आहे, म्हसरूळला. संलग्नतेसाठी त्यांच्या समित्या कॉलेजांची तपासणी करतात, खाटा मोजतात, स्टाफ मोजतात. त्याच फॉर्मात तीन गोष्टी घाला: रात्री चालू असणारं पाळणाघर, कडी आणि फ्रिज असलेली एक खोली, आणि ओटीच्या कपाटात ज्याला हवं त्याच्यासाठी हूड आणि जॅकेट. महापालिकेच्या हॉस्पिटलांनाही हेच सांगणं आहे, आणि पाळणाघरासाठी निधी कमी पडत असेल तर जकातीतून नाही, कारण ती कोणाला द्यायची ते ठरलेलं असतं, पण सदक्यातून, म्हणजे ऐच्छिक दानातून, आमच्या मोहल्ल्यात गोळा करायला मी स्वतः दारोदार फिरेन.

एक डॉक्टर, जुने नाशिक