बाबांची झोप आणि पुण्याची तिकिटे

तीर्थरूप आई-बाबांस, साष्टांग नमस्कार.

येत्या बुधवारच्या सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसची तुम्हा दोघांची तिकिटे मी काढली आहेत. न विचारता काढली म्हणून बाबांना राग येईल. पण विचारले असते तर 'गड्ड्याची यात्रा होऊ दे, मग बघू' हेच ऐकायला मिळाले असते, आणि आईच्या कोपरावरचा काळानिळा डाग मला मोबाईलवरही स्पष्ट दिसला होता. आई, मोरीच्या दाराचे कारण तू शेजारच्या काकूंना सांग.

बाबा, झोपेत हात उगारण्यात, मागावर कापड विणत असल्यासारखे 'धोटा उडाला, बाजूला हो' असे ओरडण्यात तुमच्या स्वभावाचा काडीचाही दोष नाही. ज्या झोपेत पापण्यांआड डोळे भरभर फिरतात, तिला डॉक्टर रेम झोप म्हणतात आणि ठसठशीत स्वप्ने बहुतेक तिच्यातच पडतात. त्या वेळी मेंदूत ॲसिटिलकोलीन या रसायनाचा जोर असतो, सेरोटोनिन आणि नॉरॲड्रिनॅलिन ही दुसरी रसायने सोडणाऱ्या पेशी जवळजवळ गप्प होतात, आणि मेंदूच्या देठाकडून निघालेल्या निरोपामुळे मज्जारज्जूत ग्लायसिन व गाबा ही द्रव्ये सुटून हातपाय लुळे पडतात. तुमच्या भाषेत सांगायचे तर मोटार चालू, पण पट्टा मोकळ्या पुलीवर. तुमचा पट्टा तिकडे नीट सरकत नसावा, म्हणून स्वप्नातला माग अंथरुणात चालतो. रेम झोप रात्रीच्या उत्तरार्धात अधिक असते, त्यामुळे हे सारे पहाटेच घडते. शेंक आणि माहोवाल्ड या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९८६ साली या विकाराची रीतसर नोंद केली, तेव्हाचे रुग्णही बहुतेक उतारवयातले पुरुषच होते.

निवृत्तीनंतर मन लागेना म्हणून सुरू झालेली तुमची गोळी सेरोटोनिनवर काम करते, आणि तशा गोळ्यांनी काही जणांना हा त्रास सुरू होतो. पण म्हणून ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. अचानक सोडली तर भलताच त्रास होतो. मज्जासंस्थेच्या एखाद्या आजाराची ही फार आधीची खूणही असू शकते, एवढ्यासाठीच मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायचे आहे. आज घाबरावे असे काही नाही.

डॉक्टर सोलापुरातही आहेत, हे मान्य. पण इथे रात्रभर मी तुमच्या उशाशी बसू शकते. झोपेच्या तपासणीत डोक्याला, हनुवटीला आणि पायांना तारा चिकटवतात, कॅमेरा लावतात, बाकी निवांत झोपायचे. घरात तुमची खोली तळमजल्यावरची आहे, ज्वारीचे पीठ आणले आहे, आईच्या देवांसाठी कोनाडा मोकळा केला आहे. तिसऱ्या पाळीहून येऊन बाबा दिवसा झोपत, तेव्हा आई खिडकीला चादर लावून आम्हाला खुणांनीच दटावायची. त्या अंधारात बाबांच्या पोटावर हात ठेवून झोपलेली मी अजून तशीच आहे.

तोवर आईने वेगळ्या खाटेवर झोपायचे, बाबांच्या खाटेशेजारी खाली गादी अंथरायची, आणि उशाजवळचा पितळी तांब्या व अडकित्ता स्वयंपाकघरात ठेवायचा. संध्याकाळी पाचनंतर चहा नको. त्यातले कॅफिन झोप आणणाऱ्या ॲडेनोसिनची वाट अडवते. औषधाच्या दुकानातून झोपेची गोळी मागून आणायची नाही. सगळ्या गोळ्या पाकिटांसकट सोबत आणा, आणि पहाटेचे ओरडणे किती वाजता झाले ते आईने कॅलेंडरवर लिहून ते पानही घेऊन यावे.

तुमची लाडकी,
ताई