नाव न सांगता गेलेल्यांचे आभार

पवित्र शनिवारी संध्याकाळी अवकाळी आला आणि चॅपलपुढचा मंडप आडवा झाला. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या, जागरणाला नवा अग्नी पेटवायचा, तर सरपण सगळं ओलं. तेवढ्यात कुणीतरी गोठ्यातली कोरडी पऱ्हाटी ताडपत्रीत गुंडाळून आणली. "तुमी मिस्साचं पाहा फादर, आगीचं आमी पाहतो नं!" नाव विचारायला वळलो, तर गडी पसार. त्याच जाळावर पास्काची मेणबत्ती पेटली. लाईन फार उशिरा आली. तोवर तिची कुणाला आठवणही राहिली नव्हती.

पोरांनी बल्ल्या पुन्हा रोवल्या. शेजारच्या घरून पिण्याच्या पाण्याचे कॅन आले. ती माऊली आमच्या धर्माची नाही. मी पैसे काढले तर चक्क रागावली. उन्हाळ्यात पाणी देणं म्हणजे काय, हे विदर्भात वेगळं सांगायला नको.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, 24व्या अध्यायात, अम्माऊस गावाच्या वाटेवर येशूचे दोन शिष्य भेटतात. एकाचं नाव क्लयपा, दुसऱ्याचं दिलेलंच नाही. यंदा प्रवचनात मी त्या दुसऱ्यावरच बोललो, जरा लांबलंच म्हणा.

ईस्टरकाळ पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणापर्यंत, 50 दिवसांचा. तेवढ्यात कधीही या, तर्री-पोहे माझ्याकडून. मनापासून आभार!