सुळ्याच्या मापाची प्रार्थना

लंडन

ती. अण्णाकाका यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी लाकूड निवडता तेव्हा आधी रेषा बघता. म्हणून चौदाव्या शतकात पॅरिसला होणाऱ्या हस्तिदंती जोडपाट्यांबद्दल तुम्हालाच लिहितोय. दोन पाट्या, मध्ये बिजागऱ्या आणि आतल्या अंगाला येशू-मरियमचे प्रसंग. लहान जोडी मिटली की मुठीत मावते. अर्धवट उघडली की टेबलावर उभी राहते. श्रीमंत घरातली माणसं आपल्या खोलीत ती समोर ठेवून प्रार्थना करत.

माप सुळाच ठरवतो. मुळाकडे तो पोकळ असतो, भरीव भाग टोकाकडे. वरची साल काढल्यावर फळी सहसा दहा-अकरा सेंटिमीटरपेक्षा रुंद निघत नाही, तीही आफ्रिकी हत्तीचा सुळा असेल तर. मरियमच्या उभ्या मूर्ती कमरेत कललेल्या दिसतात, त्याचं खापर सगळे सुळ्याच्या वाकावर फोडतात. पण त्या काळच्या दगडी मूर्तीही तशाच कललेल्या आहेत!

कामाची पद्धत तुमच्या ओळखीची वाटेल. बाराव्या शतकातल्या थिओफिलस नावाच्या साधू-कारागिराने लिहून ठेवलंय: पाटीवर खडू फासायचा, शिशाने आकृत्या काढायच्या, मग बारीक हत्याराने रेघा पाडून आकृत्यांमागची जमीन खोल उतरवायची. हात, खांब पाठीपासून सुटे करायचे तर गिरमिट. इथेच काम फसतं. मागे थोडीच जाडी उरते आणि एक घाव जास्त बसला की आरपार. उजेडात धरलं की पातळ जागा पिवळसर झळकते.

दुसरं दुखणं हवेचं. हस्तिदंत ओलाव्याने फुगतो, पण सगळ्या दिशांना सारखा नाही. पाटी वाकू पाहते, बिजागरीचा धातू तिला धरून ठेवतो आणि तडा बिजागरीच्या खाचेतूनच निघतो.

प्रसंग वाचायचे कुठून? बऱ्याच पाट्यांवर खालच्या डाव्या कोपऱ्यातून, दोन्ही पाट्या ओलांडत, वर. काहींवर उलट, वरून खाली. आणि या पांढऱ्या नव्हत्या बरं का. केसांना, काठांना सोनं, वस्त्राच्या अस्तराला निळा-लाल रंग, चेहरा मात्र बहुतेक कोरा. रंग हाताळण्याने गेला, धुण्यापुसण्याने गेला, पुढे प्लास्टरचे साचे काढताना उरलासुरलाही गेला.

1500च्या सुमारास जपमाळेला लोंबणारे हस्तिदंती मणीही होत: एका बाजूला चेहरा, दुसऱ्या बाजूला कवटी.

ओल्ड गोव्याच्या ख्रिस्ती कला संग्रहालयात गेलात तर तिथल्या हस्तिदंती मूर्ती बघा. त्या नंतरच्या काळातल्या, घडणही वेगळी. बैठकीचा आडवा काप दिसला तर त्यात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा शोधा. त्या असल्या तर हत्तीचा सुळा, काळपट ठिपके असले तर हाड.

काकूंना नमस्कार.

आपला,
बाळू