झेडडीएम-४ए म्हणून विकलेल्या चुकीच्या मॉडेलबद्दल तक्रार

नागपूर
दि. १८ नोव्हेंबर २०२४

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : नॅरोगेजचे (अरुंद रुळांच्या छोट्या लाइनचे) डिझेल इंजिन 'झेडडीएम-४ए' (प्रमाण १:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढे) हे मॉडेल जाहिरातीप्रमाणे नसणे, त्याच्या यंत्रणेतील दोष आणि ते परत घेण्यास आपण दिलेला नकार.

महोदय,

सप्टेंबर महिन्यात आपल्या संकेतस्थळावर 'सातपुड्याच्या नॅरोगेजचे झेडडीएम-४ए' या नावाने मर्यादित आवृत्तीचे मॉडेल जाहीर झाले. त्याच दिवशी १८,५०० रुपये आगाऊ भरून मी ते नोंदवले. दिवाळीच्या आधी खोके घरी आले. आत निघालेले मॉडेल झेडडीएम-४एचे नाही. आपल्या ग्राहक सेवेला हे फोनवर आणि ईमेलने कळवून झाले, छायाचित्रे पाठवून झाली. तिकडून आलेले उत्तर मला मान्य नाही, म्हणून हे रीतसर पत्र.

मुख्य तक्रार चाकांची आहे. ती नीट समजून घ्यावी अशी विनंती, कारण आपल्या प्रतिनिधीने तिला 'किरकोळ फरक' म्हटले आहे.

झेडडीएम-४ए हे चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेले ७०० अश्वशक्तीचे इंजिन. त्याआधीच्या झेडडीएम-३चे ते धाकटे भावंड. ताकद तेवढीच, वरची ठेवणही बरीचशी तीच. फरक आहे तो खाली. झेडडीएम-३ला चाकांच्या चार जोड्या, आणि चारही इंजिनाच्या ताकदीवर फिरणाऱ्या. झेडडीएम-४एला या चार जोड्या आहेतच, शिवाय पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक जोडी जास्तीची आहे. या जोड्यांना इंजिनाची ताकद मिळत नाही, त्या नुसते वजन पेलतात. एकूण सहा जोड्या. रेल्वेच्या खुणेत ही मांडणी १बी-बी१ अशी लिहितात; १ म्हणजे ताकद नसलेली एक जोडी, बी म्हणजे ताकदीवर फिरणाऱ्या दोन जोड्या. नॅरोगेजचे रूळ हलके असतात. इंजिनाचे वजन चाराऐवजी सहा जोड्यांवर वाटले की प्रत्येक जोडीखाली रुळावर येणारा भार कमी होतो, आणि जिथे झेडडीएम-३ जड पडेल अशा मार्गावरही तेवढ्याच ताकदीचे इंजिन नेता येते. झेडडीएम-४ए वेगळे म्हणून बनवले गेले ते एवढ्याचसाठी. त्या दोन जोड्या काढल्या तर ४ए या नावाला काही अर्थच राहत नाही.

आपण पाठवलेल्या मॉडेलला चाकांच्या चारच जोड्या आहेत. मी ते फोमवर पालथे ठेवून भिंगातून पाहिले. पुढच्या टोकाला, जिथे जास्तीची जोडी हवी, तिथे काळ्या प्लॅस्टिकचा एक भरीव ठोकळा चिकटवला आहे. त्याच्या कडेने ग्लू ओघळून पांढरा पडला आहे. मागच्या टोकाला तोही नाही, तिथे चासीच्या पट्टीत दोन रिकामी भोके तेवढी दिसतात. म्हणजे कधीतरी कुणाच्या तरी आराखड्यात ती चाके होती आणि पुढे ती गाळली गेली, असा माझा समज झाला आहे. तो चुकीचा असेल तर आपण कळवावे. जाहिरातीतल्या संगणकीय चित्रात मात्र सहाही जोड्या स्वच्छ दिसतात. ते चित्र मी जपून ठेवले आहे आणि या पत्रासोबत जोडले आहे.

मी मापांच्या बाबतीत हटवादी माणूस नाही, हेही नोंदवून ठेवतो. आपल्याकडच्या ब्रॉडगेजची रुंदी, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, १,६७६ मिलिमीटर. १:८७ प्रमाणात ती १९ मिलिमीटरच्या थोडी वर जाते. पण बाजारातला सगळा माल १६.५ मिलिमीटरच्या रुळावर चालतो, कारण तो परदेशातल्या १,४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी बेतलेला आहे. माझ्या कपाटातली डब्ल्यूडीएम-२ या ब्रॉडगेज डिझेल इंजिनाची मॉडेल्स अशाच अरुंद रुळावर उभी आहेत. त्यासाठी मी कुणाकडे एका शब्दाने तक्रार केलेली नाही. वेगळा रूळ, वेगळी चाके करायची तर किंमत कुणालाच परवडणार नाही, हे हौशी माणसाला कळते. पण नॅरोगेजमध्ये ही अडचण येतच नाही. २ फूट ६ इंच म्हणजे ७६२ मिलिमीटर, भागिले ८७, उत्तर येते ८.७६. बाजारात ९ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो. आपली गाडी मापात जवळजवळ बिनचूक बसते ती इथेच. नेमक्या त्याच ठिकाणी आपण चाके गाळलीत, याचे मला फार वाईट वाटले.

माझा संग्रह मोठा नाही, पण एकाच विषयाचा आहे. नागपूरहून सुटणाऱ्या छोट्या लाइनच्या गाड्या आणि त्या ओढणारी डिझेल इंजिने. तेव्हाच्या बंगाल नागपूर रेल्वे कंपनीने सातपुड्यात आणि विदर्भाच्या पूर्व भागात टाकलेले हे नॅरोगेजचे जाळे एकेकाळी देशातल्या मोठ्या जाळ्यांपैकी होते. नागपूरच्या इतवारी स्टेशनाहून एक फाटा सावनेर, सौंसर, रामाकोना करत छिंदवाड्याला चढायचा. दुसरा उमरेड, भिवापूरवरून नागभीडला जायचा. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ साली बंद झाली आणि नागभीडची नोव्हेंबर २०१९मध्ये, दोन्ही ब्रॉडगेजसाठी. गेज बदलायला हवेच होते, माझी त्याबद्दल तक्रार नाही. उमरेडच्या माणसाला वेगाची गाडी हवी असेल तर ती मिळालीच पाहिजे. पण जुने रूळ उखडले गेले, डबे आणि इंजिने गेली. नागपुरात मोतीबागला २००२ साली उघडलेले नॅरोगेज संग्रहालय आहे म्हणून काही वस्तू तरी वाचल्या. बाकीचे आता छायाचित्रांत आणि आमच्यासारख्यांच्या कपाटात. ज्या मुलाने ही गाडी पाहिलेलीच नाही, तो मॉडेल पाहून इंजिन कसे होते ते ठरवणार. त्याला चार जोड्यांचे इंजिन दाखवून 'हेच ते ४ए' म्हणणे मला जमणार नाही.

आमच्या गल्लीत एक काका राहतात. मोतीबागच्या इंजिन शेडमध्ये फिटर होते, निवृत्त होऊन बराच काळ झाला. मॉडेल आल्याचे कळल्यावर हौसेने पाहायला आले. चष्मा पुसून त्यांनी ते हातात घेतले, बाजूने पाहिले, आणि पहिलाच प्रश्न केला, "काहून गा, समोरचे चाकं कुठं गेले याचे?" ज्यांनी आयुष्यभर त्या चाकांखाली आडवे होऊन काम केले, त्यांना तो फरक दोन सेकंदांत दिसला. आपल्या प्रतिनिधीने मला लिहिले आहे की 'सर्वसामान्य ग्राहकाला हा फरक जाणवत नाही'. सर्वसामान्य ग्राहक १८,५०० रुपये देऊन नॅरोगेजचे इंजिन घेत नाही. जो घेतो, त्याला तो जाणवतोच.

आता खोक्यावरचा आणि सोबतच्या पुस्तिकेतला मजकूर. 'बंगाल नागपूर रेल्वेचे डिझेल इंजिन, काळ १९८५' असे खोक्यावर ठळक छापले आहे. बंगाल नागपूर रेल्वे कंपनी १८८७ साली स्थापन झाली आणि १ ऑक्टोबर १९४४ रोजी ती सरकारने ताब्यात घेतली. १९८५ साली ही लाइन दक्षिण पूर्व रेल्वेकडे होती. त्या कंपनीच्या हयातीत झेडडीएम-४ए कुठेच नव्हते. आणि इंजिनाच्या अंगावर अक्षरे कोणती, तर 'द.पू.म.रे.'. दक्षिण पूर्व मध्य रेल्वे झाली २००३ साली आणि तेव्हा नागपूर विभाग तिच्याकडे गेला. १९८५च्या इंजिनावर 'द.पू.रे.' हवे. कंपनीच्या नावावरून एक काळ, छापलेल्या वर्षावरून दुसरा आणि इंजिनावरच्या अक्षरांवरून तिसरा, असा हा प्रकार आहे. माझ्यासारखे लोक अमुक एका वर्षाची गाडी जुळवतात; त्या वर्षाचे डबे, त्या वर्षाची अक्षरे. यातले इंजिन कुठल्याही वर्षाच्या गाडीला जोडता येत नाही.

पुस्तिकेत आणखी एक वाक्य आहे, 'डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनाची हुबेहूब प्रतिकृती'. झेडडीएम-४ए डिझेल-हायड्रॉलिक आहे. त्यात वीज तयार करणारा जनरेटर आणि त्या विजेवर चाके फिरवणाऱ्या ट्रॅक्शन मोटर नसतात. इंजिनाची ताकद तेलाच्या प्रवाहावर चालणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमधून, कार्डन शाफ्टने (फिरत्या दांड्याने) चाकांपर्यंत जाते. डिझेल-इलेक्ट्रिक असलेल्या डब्ल्यूडीएम-२च्या पुस्तिकेतला मजकूर उचलून इकडे लावला असावा, असे भाषेवरून वाटते. छापण्यापूर्वी हा विषय माहीत असलेल्या एका माणसाला वाचायला दिले असते तर हे टळले असते.

चालण्याबद्दल थोडक्यात लिहितो. जाहिरातीत 'सर्व चाकांतून वीज' असे आहे. प्रत्यक्षात एकाच बोगीची (इंजिनाखालच्या चाकांच्या एका गाड्याची) चाके रुळातून वीज घेतात, दुसरी बोगी नुसतीच फिरते. त्यामुळे रूळ बदलण्याच्या काट्यावर, जिथे रुळाचा थोडा भाग प्लॅस्टिकचा असतो, तिथे इंजिन थांबते आणि बोटाने ढकलावे लागते. शिवाय मोटर लावलेल्या बोगीतला एक प्लॅस्टिकचा गिअर ॲक्सलवर तडकला आहे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टक् असा आवाज येतो आणि इंजिन किंचित उचलल्यासारखे होते. गिअरला गेलेली चीर उघड्या डोळ्यांनी दिसते, छायाचित्र सोबत आहे. यावर मला आलेले उत्तर होते, 'रूळ स्वच्छ करून पाहा'. रूळ स्वच्छ आहेत. त्याच रुळावर माझी बाकीची इंजिने विनातक्रार चालतात.

शेवटच्या ईमेलमध्ये आपल्या विभागाने कळवले की मर्यादित आवृत्तीचा माल परत घेतला जात नाही आणि मॉडेलमध्ये 'थोडे कलात्मक स्वातंत्र्य' गृहीत धरावे. रंगाची छटा थोडी गडद असती, हॅण्डरेल जरा जाड असती, तर मी ते स्वातंत्र्य आनंदाने दिले असते. चाकांच्या दोन जोड्या गाळणे त्यात बसत नाही. आणि परतीच्या नियमाचे म्हणाल तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार सदोष वस्तू किंवा जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्ये नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. मर्यादित आवृत्ती म्हटल्याने ही जबाबदारी टळत नाही. याच नियमांनुसार तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि तिचे निवारण एक महिन्यात व्हायला हवे.

माझी मागणी अशी. या इंजिनाला योग्य, सहा जोड्यांची मांडणी करून, 'द.पू.रे.' ही अक्षरे आणि न तडकलेला गिअर बसवून ते मला बदलून द्यावे. मला खरे तर हेच हवे आहे. वरचा साचा वाईट नाही. हूडच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) जाळ्या, दारांच्या बिजागऱ्या, चालकाच्या कॅबच्या खिडक्यांच्या चौकटी हे काम ज्या कारागिराने केले त्याने मन लावून केले आहे. खालचे काम तेवढ्याच निष्ठेने झाले तर हे मॉडेल मी अभिमानाने मांडून ठेवीन आणि चार लोकांना घ्यायला सांगेन. त्यासाठी काही महिने थांबायचीही माझी तयारी आहे, फक्त तारीख लेखी द्यावी. ते शक्य नसेल तर १८,५०० रुपये आणि परत पाठवण्याचा कुरिअरचा खर्च असे पूर्ण पैसे परत करावेत. दोन्हीपैकी काहीही केले तरी संकेतस्थळावरचे सहा जोड्यांचे चित्र आणि 'बंगाल नागपूर रेल्वेचे डिझेल' हा मजकूर तातडीने काढावा, आणि ज्यांनी हे मॉडेल आधीच घेतले आहे त्यांना चूक कळवावी. त्यांच्यात कुणी पहिल्यांदाच नॅरोगेजकडे वळलेला मुलगा असेल, त्याने खाऊचे पैसे साठवून घेतले असेल. त्याला खरे काय ते कळायला हवे.

एक महिन्यात समाधानकारक उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथे दाद मागण्याची सोय २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. तशी वेळ येऊ नये असे मनापासून वाटते. सहा जोड्यांच्या मांडणीसाठी बाजूची, खालची छायाचित्रे आणि मापे हवी असल्यास माझ्याकडची सगळी विनामूल्य देईन. काकाही मोतीबागच्या आठवणीतून लागेल ती माहिती द्यायला तयार आहेत.

मॉडेल मूळ खोक्यात, मूळ फोमसह ठेवले आहे. न्यायला माणूस पाठवणार असल्यास आदल्या दिवशी फोन करावा.

आपला ग्राहक,
इतवारी, नागपूर

सोबत : पावतीची प्रत, जाहिरातीतील चित्राची प्रत, मॉडेलची बाजूची व खालची छायाचित्रे, तडकलेल्या गिअरचे छायाचित्र, आपल्या विभागाशी झालेला ईमेल-व्यवहार.